साडेतीन गुण आणि दाराबाहेर रांग
टोकियोत जेवायचं दुकान कसं निवडायचं?

फोनवरून जेवण मागवताना आपल्याकडे बहुतेकांचा एक अलिखित नियम असतो. चारच्या खाली गुण दिसले, की बोट पुढे सरकतं. हाच नियम घेऊन टोकियोत उतरलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी बुचकळ्यात पडतो. शिंजुकु स्टेशनच्या आसपास एखाद्या रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, दुकानाला फोनवर ३.६ गुण दिसतात, आणि दाराबाहेर ऑफिसातून सुटलेली माणसं मुकाट्याने रांग लावून उभी असतात. चार पावलांवरच्या दुसऱ्या हॉटेलाला ४.७ गुण. तिथे झगमगाट आहे, चित्रांचा भलामोठा मेन्यू आहे, दारात उभा राहून "या, या" करणारा पोरगाही आहे. आत मात्र निम्मी टेबलं रिकामी.

मग चुकतंय कोण, फोन की रांगेतली माणसं? खरं तर कोणीच नाही. टोकियोत जेवणाची दुकानं हजारोंनी आहेत आणि ती निवडायला जिभेइतकाच हिशेबही कामाला येतो. त्या हिशेबातला मुख्य प्रश्न एकच: गिऱ्हाईक जो पैसा मोजतं, तो या दुकानात जातो कुठे? जागेच्या भाड्यात, माणसांच्या पगारात, जाहिरातीत की ताटातल्या मालात? हे ओळखायच्या खुणा दुकानाच्या दारावरच असतात. त्या वाचण्याआधी फोनवरच्या आकड्याचा गुंता सोडवू.

आकडा मोजतो कोण?

स्थानिक लोक ज्या सेवेवर सर्वांत जास्त विसंबतात ती म्हणजे २००५ साली सुरू झालेली 'ताबेलॉग'. इथे गुण पाचपैकी असतात, पण ते सरळ सरासरीने निघत नाहीत. जो माणूस भरपूर ठिकाणी खातो आणि नियमित लिहितो, त्याच्या मताला वजन जास्त. एकदाच येऊन पाच तारे उधळणाऱ्याच्या मताला कमी. अभिप्राय मोजकेच असतील तर दुकान तीनच्या आसपास घुटमळत राहतं. त्यामुळे बहुतेक दुकानं ३ आणि ३.५ यांच्या मधल्या पट्ट्यात दाटीवाटीने सापडतात. कंपनीच्याच माहितीनुसार साडेतीनच्या वर जाणारी दुकानं शंभरात साधारण तीन. चारच्या वर तर हजारात एकही भरत नाही. म्हणजे आपल्या सवयीने 'बरं दिसत नाही' म्हणून सोडून दिलेलं ३.६ हे तिथल्या मापाने शंभरातल्या पहिल्या तिनांतलं असतं.

फोनमधल्या नकाशावरच्या ताऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे स्थानिक आणि पर्यटक एकाच पारड्यात बसतात. जपानी गिऱ्हाईक 'ठीक होतं, नेहमीसारखं' या भावनेने तीन तारे देतं. सुट्टीवर आलेला खूश प्रवासी त्याच जेवणाला पाच देतो. त्यामुळे पर्यटकांची वर्दळ जितकी जास्त, तितका आकडा फुगलेला. 'पाच तारे द्या, एक पेय फुकट' असल्या आमिषांचीही त्यात भर पडते. जाहिरात आहे हे लपवून केलेल्या जाहिरातीला जपानने ऑक्टोबर २०२३ पासून कायद्याने बंदी घातली, ती उगाच नव्हे.

ताबेलॉगचं सूत्रही आकाशातून पडलेलं नाही. २०१९ मध्ये ते बदललं आणि एका कोरियन बार्बेक्यू साखळीचे गुण एकदम घसरले. साखळीने कोर्ट गाठलं. २०२२ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, तर जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणून आकडा वापरायचा तो चाळणीसारखा: साडेतीनच्या आसपासची पाच-सहा दुकानं बाजूला काढायची आणि पुढची निवड डोळ्यांनी करायची.

मिशेलिनचे तारे हा आणखी एक आधार. टोकियोची पहिली मिशेलिन मार्गदर्शिका नोव्हेंबर २००७ मध्ये निघाली. तिच्यात १५० ठिकाणांना मिळून १९१ तारे होते, पॅरिसपेक्षाही जास्त. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये सुगामो भागातल्या 'त्सुता' या रामेनच्या लहानशा दुकानाला एक तारा मिळाला आणि रामेनला तारा मिळण्याची ती पहिलीच वेळ ठरली. पण तारा चवीबद्दल बोलतो, तुम्हाला जागा मिळेल की नाही याबद्दल नाही. 'सुकियाबाशी जिरो' हे जगप्रसिद्ध सुशीचं दुकान २०१९ च्या अखेरीस मार्गदर्शिकेतून वगळलं गेलं. कारण चव बिघडली हे नव्हतं. तिथे सामान्य माणसाला स्वतः नोंदणी करता येत नाही, हे होतं.

'जपानी जेवण' कुठल्या दुकानात मिळतं?

परदेशातल्या जपानी हॉटेलात एकाच मेन्यूवर सुशी, रामेन, तेंपुरा आणि करी सुखाने नांदतात. टोकियोत 'आज जपानी जेवू या' असं म्हणून भागत नाही. आधी पदार्थ ठरवायचा आणि मग त्या पदार्थाचं दुकान शोधायचं. सोबाचं दुकान सोबाच करतं, तोनकात्सुचं (डुकराच्या तळलेल्या कापांचं) तोनकात्सुच, वाम माशाचं फक्त वाम. हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. झणझणीत मिसळ खायची असेल तर आपण 'पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन' अशी पाटी असलेल्या हॉटेलात शिरत नाही. सकाळी उघडून दुपारी कट संपला की फळी ओढणाऱ्या टपरीवजा दुकानासमोर उभे राहतो. टोकियोने हीच रीत जवळजवळ प्रत्येक पदार्थाला लावली आहे.

त्यामागे परंपरेइतकंच पदार्थाचं शास्त्रही आहे. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. कुट्टूत ग्लुटेन नसतं, म्हणजे गव्हाच्या कणकेला धरून ठेवणारा चिकट घटक नसतो. त्यामुळे या शेवया सहज तुटतात. बरीच दुकानं आठ भाग कुट्टूत दोन भाग गव्हाचं पीठ घालतात. निव्वळ कुट्टूच्या शेवया करणं हे कसबाचं काम. पीठ दळल्यावर, शेवया कापल्यावर आणि उकळल्यावर प्रत्येक टप्प्यात सुगंध झपाट्याने उडतो. म्हणून चांगला सोबा फक्त तिथेच जमतो, जिथे दिवसभर दुसरं काही होतच नाही. अशा दुकानात जेवण संपत आलं की शेवया उकळलेलं दुधट, गरम पाणी एका भांड्यातून पुढ्यात येतं. उरलेल्या खारट रश्श्यात ते ओतून प्यायचं असतं. हे पाणी छान घट्टसर आलं, तर आत दिवसभर कढई तापलेली आहे असं समजावं.

तेंपुराचं, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या तुकड्यांचं, गणित याच्या उलट. त्याच्या पिठात गहूच असतो, पण ग्लुटेन तयार होऊ द्यायचं नसतं, नाहीतर आवरण चिवट होतं. म्हणून पाणी बर्फासारखं थंड, ढवळणं अगदी कमी आणि पीठ तळणीच्या आधी थोडं थोडं कालवलेलं. तळून निघालेला तुकडा काही मिनिटांत मऊ पडतो. सबब चांगल्या तेंपुराच्या दुकानात गिऱ्हाईक कढईसमोर बसतं आणि एकेक तुकडा थेट ताटात येतो. चाळीस पदार्थांच्या हॉटेलात हे शक्यच नसतं.

वाम माशाला वेळ लागतो. टोकियोच्या पद्धतीत तो पाठीकडून चिरतात, सळ्यांवर भाजतात, मग वाफवतात आणि गोडसर सोया सॉस लावून पुन्हा भाजतात. ऑर्डर दिल्यावर अर्धा तास थांबावं लागलं तर कुरकुर करू नये. पाच मिनिटांत ताट आलं तर मासा आधीच करून ठेवलेला होता.

भाडं, खुर्च्या आणि बटणांचं यंत्र

आता पैशाकडे वळू. टोकियोच्या गजबजलेल्या भागात जागेचं भाडं प्रचंड. त्यातही स्टेशनच्या दारासमोरची, रस्त्याला लागून असलेली तळमजल्याची जागा सर्वांत महाग. म्हणून शिंजुकु, शिबुया, शिंबाशी इथल्या अरुंद उंच इमारतींच्या कडेला पाट्यांची उभी माळ लटकलेली दिसते: तळघरात एक हॉटेल, तिसऱ्या मजल्यावर दुसरं, सातव्यावर तिसरं. तिथे चुकून कोणी शिरत नाही. असं दुकान तगतं ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर. याउलट पर्यटनस्थळाच्या तोंडावर बसलेल्या दुकानाला तेच गिऱ्हाईक आयुष्यात परत दिसणार नसतं. तिथे चव सांभाळून मिळणारा फायदा कमी आणि लोकांना आत ओढून घेण्याचा फायदा जास्त. दोन्हीकडे बिलाचा आकडा सारखा असला, तरी एकीकडे त्यातला मोठा हिस्सा भाड्यात आणि झगमगाटात गेलेला असतो.

याचं ताजं उदाहरण तोयोसुचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार तिथे हलला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारी एक चकचकीत खाद्यसंकुल उघडलं. तिथे सात हजार येनच्या आसपास किमतीचे मासे-भाताचे वाडगे पाहून जपानी लोकांनी त्यांना 'परदेशी पाहुण्यांचा वाडगा' अशा अर्थाचं चेष्टेचं नाव ठेवलं. एका येनचे साधारण पन्नास-साठ पैसे धरले, तर एका वाडग्याचे चार हजार रुपये झाले.

आता रांगेतल्या त्या रामेनच्या दुकानाचा हिशेब मांडू. डुकराच्या हाडांचा रस्सा कित्येक तास, कधी बारा तासांहून जास्त, उकळत ठेवावा लागतो. एका मोठ्या पातेल्यात एकच रस्सा होतो, म्हणून मेन्यूत फार पर्याय नसतात. समजा दहा खुर्च्या आहेत आणि एक गिऱ्हाईक वीस मिनिटांत उठतं. तासाला तीस वाडगे, दुपार-संध्याकाळ मिळून पाच तासांत दीडशे. हजार येनच्या आसपासचा वाडगा विकून हा धंदा चालतो तो याच वेगावर. माल रोज संपतो, शिळं उरत नाही, फेकावं लागत नाही. मेन्यू छोटा असल्यामुळे दुकान ताजं राहतं आणि ताजं असल्यामुळे रांग लागते.

या वेगाची चावी दाराशी उभी असते. कपाटाएवढं एक यंत्र, त्यावर ओळीने बटणं. नोट सरकवायची, बटण दाबायचं, खाली टिचभर तिकीट पडतं. डाव्या हाताचं सर्वांत वरचं बटण बहुधा दुकानाच्या खास पदार्थाचं असतं. भाषा येत नसेल तर डोळे मिटून तेच दाबावं. शेजारची छोटी बटणं जास्तीच्या शेवया, उकडलेलं अंडं, मांसाचे जादा काप यांची. तिकीट काउंटरवर ठेवलं, की पलीकडचा माणूस फार तर शेवया किती कडक हव्यात एवढं विचारतो. या यंत्रामुळे गल्ल्यावरचा माणूस वाचतो, मेन्यूकार्ड वाचतं आणि रांधणाऱ्याचा हात पैशाला लागत नाही. तेवढी बचत वाडग्यात जाते. मात्र जवळ हजार येनच्या सुट्या नोटा ठेवाव्यात. बरीच जुनी यंत्रं मोठी नोट घेत नाहीत आणि जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्यावर कित्येक यंत्रांनी त्याही नाकारल्या होत्या.

काचेआड मांडलेले प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ पाहून 'पर्यटकांचं दुकान' असं मात्र ठरवू नये. हे नमुने जपानी लोकांसाठीच सुरू झाले. मेणाचे असे नमुने करण्याचा धंदा ताकिझो इवासाकी यांनी १९३२ साली ओसाकात उभा केला. आज टोकियोत उएनो आणि आसाकुसाच्या मधल्या काप्पाबाशी रस्त्यावर ते विकतही मिळतात. नमुने आहेत की नाहीत यापेक्षा किती प्रकारांचे आहेत ते पाहावं. कपाटात फक्त तोनकात्सुचे पाच प्रकार असतील तर निर्धास्त आत जावं. सुशी, करी, पिझ्झा आणि आइस्क्रीम शेजारी शेजारी असतील तर ते कौटुंबिक हॉटेल. मुलाबाळांसह सोयीचं, चवीसाठी वाट वाकडी करण्याजोगं नव्हे.

आणि रस्त्यावर हाताला धरून आत बोलावणारा माणूस? काबुकिचोसारख्या रात्रीच्या करमणुकीच्या भागात अशा लोकांच्या मागे जाऊ नका, असं ध्वनिक्षेपकावरून सतत सांगितलं जातं. त्याचा मेहनतानाही शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलातून निघतो.

सुशी: दीडशे येन आणि तीस हजार येन

सुशीइतका किमतीचा पल्ला दुसऱ्या कुठल्याच जेवणात नसेल. फिरत्या पट्ट्यावर दोन मुटक्यांची बशी दीडशे येनच्या आसपास मिळते, तर गिंझामध्ये एका माणसाचं रात्रीचं जेवण तीस हजार येनच्याही पुढे जातं. मासाही त्याच पटीत चांगला असतो का? नाही. इथे पैसा वेगवेगळ्या खात्यांत जातो.

हॉटेलच्या धंद्यात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तीस टक्क्यांच्या आसपास राखायचा अशी ढोबळ रीत आहे. फिरत्या पट्ट्याच्या साखळ्यांमध्ये तो चाळीस टक्क्यांच्याही वर जातो. म्हणजे स्वस्तातल्या दुकानात तुमच्या पैशातला मोठा वाटा माशावरच खर्च होतो! बचत होते ती माणसांत: भाताचे मुटके यंत्र वळतं, ऑर्डर पडद्यावर घेतली जाते, बशा यंत्र मोजतं. फिरत्या पट्ट्याची सुरुवात १९५८ ची. योशिआकी शिराइशी यांनी बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि ओसाकाजवळ पहिलं फिरत्या सुशीचं दुकान काढलं.

महागड्या दुकानात आठ-दहा खुर्च्या, एक आचारी, एक-दोन शागीर्द आणि संध्याकाळी फार तर दोन पंगती. इथे 'ओमाकासे' चालतं, म्हणजे काय वाढायचं ते आचारी ठरवतो. पैसा निवडक माशांवर जातो, पण त्याहून जास्त जातो तो त्यांवर केलेल्या कामावर. हे काम काय असतं ते एका माशात बघू. कोहादा हा तारलीच्या जातकुळीतला हातभर नव्हे, बोटभर लांबीचा चंदेरी मासा. तो पोटातून उघडून काटा काढायचा, मीठ भुरभुरून ठेवायचा, धुवायचा आणि व्हिनेगरमध्ये बुडवायचा. मीठ किती वेळ, व्हिनेगर किती वेळ, हे माशाचा आकार, चरबी आणि त्या दिवसाची हवा पाहून ठरतं. चुकलं की एकतर वास राहतो किंवा मांस पांढरं, आंबट आणि कोरडं होतं. मासा स्वस्तातला, मेहनत मोठी. म्हणून जाणकार माणूस दुकानाची पारख करायला ट्यूनाआधी कोहादा मागतो.

इथे एक सर्रास समज दुरुस्त करायला हवा. मासा जितका ताजा तितकी सुशी चांगली, असं नेहमीच नसतं. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतला ऊर्जेचा साठा हळूहळू विघटित होतो आणि त्यातून इनोसिनेट नावाचं चवदार द्रव्य तयार होतं. कित्येक पांढरे मासे एक-दोन दिवस, तर मोठा ट्यूना आठवडाभर किंवा जास्तही थंडीत मुरवतात. त्यासाठी मासा पकडल्याबरोबर मेंदूत सळई खुपसून मारतात आणि रक्त काढतात. तडफडण्यात साठा खर्ची पडला, की पुढे चव उतरायला काही उरत नाही. गोठवलेला मासा म्हणजे हलका माल, हेही खरं नाही. बराचसा ट्यूना जहाजावरच अतिथंड करतात. शिवाय अॅनिसाकिस नावाची परजीवी अळी मारण्यासाठी जपानचं आरोग्य खातं उणे वीस अंशांवर चोवीस तास गोठवण्याची शिफारस करतं.

दुकान कुठल्या पठडीतलं हे सॅमन सांगतो. जपानच्या भोवतालच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये परजीवी असत, म्हणून तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सॅमन जपानच्या गळी उतरवायला सुरुवात केली. आज फिरत्या पट्ट्यावर मुलांची पहिली उडी त्याच्यावरच पडते, पण जुन्या टोकियो पठडीच्या दुकानात तो बहुधा दिसत नाही. सॅमन हवा असेल तर पट्ट्याचं दुकान निवडावं; अस्सल पठडीच्या दुकानात तो मागून आचाऱ्याला अवघडवू नये.

वारही पाहावा. तोयोसुचा बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, म्हणून चांगली सुशीची दुकानंही पुष्कळदा त्याच दिवशी सुट्टी घेतात. आणि वर्षातल्या पहिल्या लिलावाच्या बातम्यांनी दिपून जाऊ नये. ५ जानेवारी २०१९ ला 'सुशीझानमाई' साखळीच्या मालकांनी २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला घेतला. तो खर्च जाहिरातीच्या खात्यातला समजावा, चवीच्या नव्हे.

दुपारचं गणित

टोकियोत कमी पैशात उत्तम जेवायची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे घड्याळ. रात्री आठ-दहा हजार येन घेणाऱ्या दुकानात दुपारचं ठरावीक ताट दीड-दोन हजारांत मिळू शकतं. आचारी तोच, मासा त्याच सकाळचा. दुकानाला हे परवडतं कारण भाडं चोवीस तासांचं भरलेलंच असतं आणि रात्रीच्या तयारीसाठी माणसं सकाळीच आलेली असतात. माशाच्या सुबक कापांनंतर उरलेले कोपरे भातावर पसरले, की दुपारचा वाडगा तयार. शिवाय दुपारी खूश झालेला माणूस कधीतरी रात्री येतो.

फक्त बारा ते एक टाळावं. त्या तासात आख्खी ऑफिसं रस्त्यावर उतरतात. साडेअकराला पोचावं नाहीतर सव्वाएकनंतर. दोन-अडीच ते पाच बरीच दुकानं बंद असतात आणि दाराबाहेर टांगलेला कापडी पडदा आत घेतलेला दिसतो. पडदा बाहेर म्हणजे दुकान चालू.

शाकाहारी माणसाने काय करावं?

इथे मराठी प्रवाशांची खरी परीक्षा. 'मांस नको' असं सांगितलं, तरी मासा त्यात धरला जात नाही. आणि मासा ताटात दिसत नसला, तरी रश्श्यात असतो. मिसो सूप, सोबाची चटणीवजा बुडवण, शिजवलेल्या भाज्या, कधीकधी अंड्याची पोळी, या सगळ्यांच्या मुळाशी 'दाशी' नावाचा पातळ अर्क असतो. तो बनतो कोंबू या समुद्रशेवाळापासून आणि कात्सुओबुशीपासून, म्हणजे उकडून, धुरी देऊन लाकडासारख्या कडक वाळवलेल्या माशाच्या किसापासून.

ही जोडी का जमली, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. १९०८ साली टोकियोतले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला 'उमामी' म्हटलं. पुढच्याच वर्षी ते 'अजिनोमोटो' नावाने बाजारात आलं, तेच आपल्या चायनीजच्या गाड्यांवरचं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या माशात इनोसिनेट सापडलं. ही दोन्ही द्रव्यं एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. पुढे अकिरा कुनिनाका यांनी दाखवून दिलं की वाळवलेल्या शिताके अळंबीत असणारं ग्वानिलेट हेच काम करतं.

शाकाहाऱ्याची वाट नेमकी इथून निघते. बौद्ध मठांतल्या 'शोजिन र्‍योरी' या परंपरेत मासळीऐवजी कोंबू आणि शिताकेचा अर्क वापरतात. तेव्हा साध्या दुकानात जाऊन 'मासा काढून द्या' म्हणण्यापेक्षा जिथे मुळातच तो नसतो, तिथे जावं. आतागो टेकडीजवळचं 'दाइगो' हे शोजिनचं नावाजलेलं आणि महागडं ठिकाण. टोकियो स्टेशनच्या आत 'टीज तानतान' हे वनस्पतीजन्य रामेनचं परवडणारं दुकान. सुशीच्या दुकानात काकडीचे, लोणच्याचे, आंबवलेल्या सोयाबीनचे गुंडाळे मिळतात. तेंपुरात भाजी मागितली तरी पिठात अंडं आणि कढईत कोळंबी तळलेलं तेल असण्याचा संभव असतो. आणि चार दिवसांनी वरणभाताची आठवण अनावर झालीच, तर निशिकासाईत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथे किराणाही मिळतो आणि जेवणही.

दारात पोचल्यावर

इझाकायात, म्हणजे पिण्याबरोबर खाण्याच्या दुकानात, न मागता एक छोटी वाटी पुढ्यात येते आणि बिलात तिचे तीनशे ते पाचशे येन लागतात. ही फसवणूक नाही. बसण्याचा आकार वसूल करायची तिथली रीत आहे. टीप देत नाहीत. ठेवून निघालात तर कोणीतरी पैसे परत द्यायला मागे धावत येईल. ऑक्टोबर २०१९ पासून बसून खाल्ल्यास कर दहा टक्के, पार्सल नेल्यास आठ. एप्रिल २०२० पासून बंद जागेत धूम्रपानाला मनाई असली, तरी काही जुन्या छोट्या दुकानांना सूट आहे. ती दारावरच्या चिन्हावरून कळते. ओमाकासेची नोंदणी केली की ती पाळावी. दहा माणसांसाठी मोजून आणलेल्या माशात दोन माणसं आली नाहीत, तर दुकानाचा पाचवा हिस्सा बुडतो, म्हणून पूर्ण रक्कम कापण्याची पद्धत आहे.

चौकट: निवड करताना

• आधी पदार्थ ठरवा, मग भाग, मग दुकान.
• ताबेलॉगवर साडेतीन म्हणजे उत्तम. नकाशावरच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करू नका.
• मेन्यू छोटा, जागा छोटी, दुकान तळघरात किंवा वरच्या मजल्यावर: पैसा ताटात जात असल्याची शक्यता जास्त.
• दारात ओढून नेणारा माणूस दिसला, तर पुढे चला.
• यंत्रावर काही कळलं नाही तर डावीकडचं सर्वांत वरचं बटण.
• महागड्या दुकानाची चव घ्यायची असेल तर दुपारी, बाराच्या आधी किंवा एकच्या नंतर.
• सुशीसाठी रविवार आणि बुधवार तपासून घ्या.
• शाकाहारी असाल तर रश्श्याबद्दल विचारा. 'दाशी' हा एक शब्द लक्षात ठेवा.
• पसंतीचं दुकान बंद किंवा भरलेलं निघू शकतं, म्हणून त्याच भागातलं दुसरं एक दुकान आधीच हेरून ठेवा.